डीजीपीएसची उंची आणि बेंचमार्कची उंची: मधले साठ मीटर आणि उरलेला अर्धा मीटर

एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात अंबाझरीपासून पारडीपर्यंत नाग नदीच्या काठाने पूरपातळीचा सर्व्हे चालू आहे. डीजीपीएस (सॅटेलाइटवरून जागा आणि उंची मोजणारी यंत्रणा) वापरली. तिचा बेस, म्हणजे एका जागी स्थिर ठेवायचा रिसीव्हर, कार्यालयाच्या गच्चीवर लावला आणि त्याची पोझिशन तिथेच दहा मिनिटांची सरासरी घेऊन ठरवली. रोव्हर, म्हणजे सोबत फिरवायचा दुसरा रिसीव्हर, जवळच्या बेंचमार्कवर (उंची आधीच ठरवलेल्या पक्क्या खुणेवर) ठेवला, तर उंची बेंचमार्कच्या आरएलपेक्षा (समुद्रसपाटीपासूनच्या नोंदलेल्या उंचीपेक्षा) साठ मीटरहून जास्त कमी आली. कंट्रोलरमध्ये (रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात) ईजीएम २००८ ची, म्हणजे समुद्रसपाटीच्या जागतिक मॉडेलची, फाइल टाकल्यावर बराचसा फरक गेला, पण सुमारे अर्धा मीटर उरला. वरिष्ठ म्हणतात, "उरलेला अर्धा मीटर सगळ्या पॉइंटमध्ये सरसकट मिळवून टाका." तसं केलेलं चालेल का?

निर्णय आधी सांगतो, कारणं मागाहून. मॉडेलकडून उतार घ्यायचा आणि शून्य बेंचमार्ककडून घ्यायचं. यातलं एकच धरून काम केलं तर उंची चुकते. तुमचे वरिष्ठ जे सुचवत आहेत ते निम्मं बरोबर आहे. अट एवढीच की तो अर्धा मीटर जिऑइडचाच, म्हणजे मॉडेल दाखवतं त्या समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाचाच, आहे याची खात्री हवी. तुमच्या वर्णनावरून मला तशी खात्री वाटत नाही. माझा पहिला संशय गच्चीवरच्या बेसवर आहे.

पण आधी साठ मीटरचं पाहू, कारण दरवर्षी नवी मुलं फील्डवर आली की इथेच अडतात आणि रिसीव्हर बिघडला असं समजतात.

सॅटेलाइटला समुद्र माहीत नसतो. रिसीव्हर उंची काढतो ती इलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या आकाराला जवळ जाणाऱ्या एका गणिती चपट्या गोळ्यापासून. डब्ल्यूजीएस ८४ मध्ये त्याची विषुववृत्तावरची त्रिज्या ६३७८१३७ मीटर धरली आहे. हा गोळा गुळगुळीत आहे. त्याला डोंगर, खनिज, खडक यांतलं काही कळत नाही. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं. वारा, भरती-ओहोटी, प्रवाह बाजूला ठेवून समुद्राचं पाणी जमिनीखालूनही पसरू दिलं तर ते जिथे स्थिरावेल, तो पृष्ठभाग म्हणजे जिऑइड. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सगळीकडे सारखं नाही, म्हणून हा पृष्ठभाग कुठे इलिप्सॉइडच्या वर येतो, कुठे खाली जातो. या वर-खाली असण्याच्या आकड्याला आपण 'एन' म्हणतो.

जिऑइडचा जगातला सगळ्यात खोल खड्डा आपल्याच शेजारी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड इलिप्सॉइडच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे. अख्खा भारत या खड्ड्याच्या उतारावर बसलेला आहे. दिल्लीला एन उणे पन्नासच्या थोडा पुढे, कन्याकुमारीला उणे नव्वदच्या पलीकडे, आणि आपण मध्ये, उणे साठ ते सत्तरच्या दरम्यान. तुमचे साठ मीटर तिथले आहेत. रिसीव्हर ठणठणीत आहे.

हिशेब एका ओळीचा आहे: आरएल म्हणजे इलिप्सॉइडची उंची वजा एन. एन उणे असल्यामुळे वजा उणे म्हणजे अधिक होतं. सोयीसाठी एन उणे ६५ धरा. डीजीपीएसने २४५ दाखवलं तर आरएल ३१०. चिन्ह उलटं घेतलं तर १८० येईल. नागपूर शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे हे डोक्यात पक्कं असेल, तर ही चूक जागेवर पकडली जाते. म्हणून कुठल्याही गावात काम सुरू करण्यापूर्वी तिथली ढोबळ उंची माहीत करून घ्या. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर ती लिहिलेली असते. त्या पाटीला बेंचमार्क समजू नका, पण साठ मीटरची चूक पकडायला ती पुरेशी आहे.

आता बेसकडे येऊ. दहा मिनिटांच्या सरासरीने घेतलेली पोझिशन म्हणजे बेसने कुणाचीही मदत न घेता, एकट्याने केलेला अंदाज. त्यात उंचीची चूक एक-दोन मीटर सहज असते, कधी त्याहून जास्त. रोव्हर बेसपासूनचा फरक दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजतो, म्हणून स्क्रीनवर 'फिक्स' दिसतं आणि आपल्याला वाटतं उंचीही फिक्स झाली. प्रत्यक्षात बेसची चूक जशीच्या तशी प्रत्येक पॉइंटमध्ये उतरलेली असते. उद्या बेस पुन्हा लावून पुन्हा दहा मिनिटं सरासरी घेतलीत तर वेगळीच चूक मिळेल. मग आज मिळवलेला अर्धा मीटर उद्याच्या पॉइंटना लागू होणार नाही आणि दोन दिवसांच्या कामात पायरी पडेल. सरसकट मिळवण्यातला खरा धोका हा आहे.

म्हणून बेसच्या जागी खिळा किंवा पक्की खूण करा. तिची पोझिशन सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यातून (कायम चालू असलेल्या स्थिर रिसीव्हर स्टेशनांच्या जाळ्यातून) घ्या, किंवा दोन-चार तास स्टॅटिक निरीक्षण (रिसीव्हर न हलवता) करून जवळच्या कॉर्स स्टेशनशी जोडून प्रोसेस करा. एकदा आलेला आकडा वहीत लिहा आणि काम संपेपर्यंत रोज तोच हाताने टाका. अँटेनाची उंचीही तपासा: टेप तिरपा लावून मोजलीत की उभा, अँटेनाच्या तळापर्यंत की कडेच्या खुणेपर्यंत, आणि कंट्रोलरमध्ये तोच पर्याय निवडला आहे का. इथे दहा-पंधरा सेंटिमीटर हरवलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि त्यांचा ठपका बिचाऱ्या जिऑइडवर येतो.

आणखी एक जागा तपासा. काही रिसीव्हर स्वतःच समुद्रसपाटीची उंची काढून देतात, आणि त्यासाठी त्यांच्या पोटात जिऑइडचा एक ढोबळ तक्ता भरलेला असतो. रिसीव्हर बाहेर पाठवतो त्या माहितीतल्या 'जीजीए' नावाच्या ओळीत उंची आणि जिऑइडचा फरक असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्हींची बेरीज केली की इलिप्सॉइडची उंची परत मिळते. सॉफ्टवेअरने ती बेरीज न करता ईजीएम २००८ लावलं तर दुरुस्ती दोनदा होते. चांगली सवय अशी की फील्डमधून नेहमी इलिप्सॉइडची उंची साठवायची आणि मॉडेल कार्यालयात, एकाच ठिकाणी, एकदाच लावायचं.

माझ्या एका कामात याच्याशी सख्खं नातं असलेली चूक झाली होती. भंडाऱ्याच्या बाजूला कालव्याचं काम होतं, दोन तुकड्या दोन टोकांकडून येत होत्या. एका कंट्रोलरमध्ये ईजीएम ९६ ची फाइल होती, दुसऱ्यात ईजीएम २००८ ची. दोघांचे रोजचे चेक आपापल्या जागी बरोबर यायचे. जिथे दोन्ही टप्पे भेटले तिथे तळाच्या पातळीत वीतभर पायरी निघाली. खोदाई सुरू होण्याआधी एका जुन्या लेव्हलरने ऑटो लेव्हल (दुर्बिणीने दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायचं यंत्र) लावून ती शोधली म्हणून निभावलं. तेव्हापासून कंट्रोलर हातात घेतला की मी सर्वात आधी मॉडेलच्या फाइलचं नाव पाहतो आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहितो.

ईजीएम ९६ आणि २००८ यांत नावापुरता फरक नाही. ९६ चं मॉडेल ३६० अंशांपर्यंत जातं, २००८ चं २१९० पर्यंत (हे कोनाचे अंश नव्हेत, मॉडेलच्या बारकाव्याचे). साध्या भाषेत, पहिल्याला पन्नासेक किलोमीटरपेक्षा लहान चढ-उतार दिसत नाहीत, दुसऱ्याला नऊ-दहा किलोमीटरपर्यंतचे दिसतात. त्यामुळे आज ९६ वापरायचं कारण फक्त एक: समोरचा डेटाच त्यावर असेल तर. जमिनीच्या उंचीच्या तयार डिजिटल नकाशांपैकी एसआरटीएमच्या उंच्या ईजीएम ९६ वर आहेत, कोपर्निकसच्या २००८ वर, आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून मिळणारा कार्टोडेम थेट इलिप्सॉइडवर. पूरक्षेत्राच्या नकाशासाठी कुणी कार्टोडेम आणि एसआरटीएम शेजारी शेजारी जोडले तर नागपुरात साठ मीटरचा कडा तयार होतो. तो निदान डोळ्यांना दिसतो. ९६ आणि २००८ ची सरमिसळ दिसत नाही, म्हणून ती जास्त महागात पडते.

बेस पक्का केल्यावर, अँटेना तपासल्यावरही काही फरक उरेलच. तो का उरतो हे समजलं की काय करायचं ते आपोआप कळतं.

आपल्या आरएलचं शून्य म्हणजे ईजीएमचं शून्य नव्हे. भारताचं जुनं लेव्हल नेट, म्हणजे बेंचमार्कांचं देशभरचं जाळं, १९०९ मध्ये ठरलं. मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ किनारी ठिकाणी भरती-ओहोटीच्या नोंदींवरून काढलेली सरासरी समुद्रपातळी शून्य धरली गेली. पण दोन किनाऱ्यांवरची सरासरी पातळी एकाच समपातळीवर नसते. पाण्याची क्षारता, तापमान, प्रवाह यांमुळे त्यात काही डेसिमीटरचा फरक असतो. तो फरक ओढूनताणून शून्य केला की त्याचा ताण देशभरच्या बेंचमार्कमध्ये झिरपतो. नागपूर तर दोन्ही किनाऱ्यांपासून लांब, मधोमध. त्यात मॉडेलची स्वतःची चूक मिसळते. त्यामुळे ईजीएम २००८ ने काढलेली उंची आणि बेंचमार्कची आरएल यांत काही डेसिमीटरचा फरक येणं स्वाभाविक आहे. त्यात कुणीच खोटं बोलत नसतं. दोघांचं शून्य वेगळं असतं, एवढंच.

आता दुसऱ्या लेव्हल नेटवर आधारलेला २००९ चा उंचीचा डेटमही (उंची जिथून मोजायची ते शून्य) आला आहे. तुमच्याकडचा बेंचमार्कचा आकडा १९०९ चा आहे की २००९ चा, हे विचारून घ्या. एका आराखड्यात दोन्ही मिसळू नका. महापालिकेच्या जुन्या नाल्यांच्या आराखड्यांशी जुळवायचं असेल तर त्या आराखड्यांचा बेंचमार्क कुठला, हे आधी शोधा.

नागपुरातल्या झिरो माइल स्तंभाचा उल्लेख इथे करायलाच हवा. चार घोडे आणि देशाचा मध्यबिंदू याबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो, पण आपल्या कामाची वस्तू तिथला जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) स्टँडर्ड बेंचमार्क आहे, १९०७ सालचा. त्याची उंची १०२० फुटांच्या किंचित वर, म्हणजे सुमारे ३११ मीटर. आज आपण स्क्रीनवर एक बटण दाबून जे मागतो, ते त्या काळी समुद्रापासून इथपर्यंत स्टाफ (आकडे लिहिलेली पट्टी) उभा करत, बॅकसाइट-फोरसाइट (मागचं आणि पुढचं वाचन) घेत, बैलगाडीच्या वाटेने आणलं होतं.

आणखी मागे गेलात तर जिऑइडची चाहूलही याच सर्व्हेला लागली. १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे, आपल्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम उत्तरेला नेलं. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठिकाणांमधलं अक्षांशाचं अंतर ताऱ्यांवरून काढलं आणि जमिनीवर मोजलं, तर दोन्हींत पाच सेकंदांहून (वेळेचे नव्हेत, कोनाचे) थोडा जास्त फरक आला. हिमालय ओळंब्याला ओढतो, असा संशय होता. गणिती जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये गणित मांडलं, तर हिमालयाच्या वस्तुमानाने फरक जवळपास सोळा सेकंद यायला हवा होता. डोंगर दिसतात तितके ओढत नाहीत, कारण त्यांच्या मुळाशी हलका खडक आहे, हा विचार तिथून पुढे आला. ओळंबा जिथे तिरपा होतो तिथे जिऑइड इलिप्सॉइडला तिरपा असतो. तुमच्या नाग नदीवरचा प्रश्न याच तिरपेपणाचा आहे.

तिरपेपणा का महत्त्वाचा, ते तलावावरून पाहा. तोतलाडोहसारखा मोठा जलाशय घ्या. बिनवाऱ्याच्या पहाटे पाणी आरशासारखं स्थिर आहे, कुठेही वाहत नाही. तरी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या काठावर डीजीपीएस पाण्याच्या पातळीवर धरला तर इलिप्सॉइडच्या दोन वेगवेगळ्या उंच्या मिळतील. दिल्ली ते कन्याकुमारी जिऑइड साधारण चाळीस मीटर उतरतो, अंतर तेवीसशे किलोमीटर, म्हणजे सरासरी किलोमीटरला पावणेदोन सेंटिमीटर. जागोजागी हा उतार कमी-जास्त होतो, दिशाही बदलते. रस्त्याच्या कामात तो लक्षातही येत नाही. पण १ : १०००० उताराच्या कालव्याला किलोमीटरला दहाच सेंटिमीटर उतार असतो. त्यातले पावणेदोन चुकले तर कालव्याची वहनक्षमताच बदलते. पूरपातळीचंही तसंच. पाणी कोणत्या गल्लीत शिरेल हे पंधरा-वीस सेंटिमीटरवर ठरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना उंबरठ्याची उंची किती मोलाची असते हे सांगावं लागत नाही. तुमच्या आकड्यांवरून उद्या कुणी संरक्षक भिंतीची उंची ठरवणार आहे.

मग सरसकट आकडा चालेल का? अंदाज करत बसू नका, मोजा. ईजीएम २००८ मधून अंबाझरीच्या आणि पारडीच्या टोकाची एनची किंमत वाचा आणि वजाबाकी करा. मधल्या दोन-तीन जागाही वाचा. फरक एक-दोन सेंटिमीटरचा असेल तर तुम्ही मॉडेल न लावता एकच आकडा वापरलात तरी कुणाचं बिघडणार नाही. त्याहून जास्त असेल तर मॉडेल लावायचंच, आणि त्याच्या वर बेंचमार्कवरून काढलेला स्थिर फरक मिळवायचा. तुमची नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते आणि आपल्याकडे जिऑइडचा मोठा उतार उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे तुमच्या वाट्याला फरक कमी येईल असा माझा अंदाज आहे. कन्हानच्या काठाने सावनेरकडे गेला असता तर मी हे म्हटलं नसतं.

तो स्थिर फरक एका बेंचमार्कवरून काढू नका. निदान चार हवेत: दोन्ही टोकांना एकेक, मध्ये एक, आणि नदीच्या रेषेपासून बाजूला सरकलेला एक. प्रत्येकावर रोव्हर ट्रायपॉडवर लावून वेगवेगळ्या वेळी, दोन-तीन तासांच्या अंतराने, दोनदा निरीक्षण घ्या. मग चारही ठिकाणचा 'आरएल वजा मॉडेलची उंची' हा फरक शेजारी मांडा. तीन आकडे दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जुळले आणि चौथा वीस सेंटिमीटर बाहेर गेला, तर चौथा बेंचमार्क हललेला आहे. शहरात हे फार होतं. पुलाचा कठडा नव्याने बांधतात, सिमेंट रस्ता एक थर वर येतो, जुना दगड उचलून कडेला ठेवतात आणि यादीत आकडा जुनाच राहतो. असा बेंचमार्क सरासरीत घेऊ नका, काढून टाका.

सॉफ्टवेअरमध्ये साइट कॅलिब्रेशनचा पर्याय असतो. तो बेंचमार्कांमधून तिरपं प्रतल बसवतो. लहान जागेत, मॉडेल नसताना, ते जिऑइडचा उतार आपोआप भरून काढतं, म्हणून लोकांना ते आवडतं. माझा त्यावर भरवसा कमी आहे. तीन बेंचमार्क दोन किलोमीटरच्या आत एकाच टोकाला असतील आणि त्यातला एक तीन सेंटिमीटरने चुकलेला असेल, तर ते प्रतल वीस किलोमीटरवर तीस सेंटिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतं. आणि कॅलिब्रेशनचा अहवाल मात्र शून्य चूक दाखवतो, कारण तीन बिंदूंतून प्रतल नेहमीच नेमकं जातं. मॉडेल लावा, उतार बंद ठेवा, फक्त स्थिर फरक सोडवा. चारही बेंचमार्कचे उरलेले फरक एका दिशेने वाढत गेलेले दिसले तरच उतार चालू करायचा विचार करा, आणि तेव्हाही बेंचमार्कच्या वेढ्याबाहेर एकही पॉइंट घेऊ नका.

शेवटचा पुरावा लेव्हलचा. तुमची लांबी डझनभर किलोमीटरची आहे. चांगल्या लेव्हलिंगची चूक १२ मिलिमीटर गुणिले किलोमीटरच्या वर्गमूळाएवढी मानतात. बारा किलोमीटरला ती सुमारे चार सेंटिमीटर होते. एवढी लेव्हल दोन माणसं तीन-चार दिवसांत काढतील. पूर्ण लांबी जमत नसेल तर निदान तीन टप्पे निवडा, प्रत्येकी एक-दीड किलोमीटरचे, आणि तिथे डीजीपीएसने काढलेला पॉइंट-पॉइंटमधला फरक ऑटो लेव्हलच्या फरकाशी ताडून पाहा. पुलाच्या डेकची पातळी, नाल्याचा इन्व्हर्ट (आतल्या तळाची पातळी), पूररेषेच्या खुणा, या गोष्टी मी स्वतः डीजीपीएसवर कधीच सोडत नाही. झाडांच्या दाट काठावर, उंच इमारतींच्या मधून नदी जाते तिथे तर फिक्स दाखवणारा आकडाही दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे असू शकतो. रामदासपेठेपासून महालपर्यंतचा पट्टा तसाच आहे.

अहवालात आणि आराखड्यावर उंचीच्या रकान्याखाली ही माहिती लिहा: उंची कोणत्या डेटमवर, १९०९ की २००९, मॉडेल कोणतं, स्थिर फरक किती मिळवला, तो कोणत्या बेंचमार्कांवरून काढला, बेसची इलिप्सॉइडची उंची किती धरली. इलिप्सॉइडच्या मूळ उंच्यांची फाइल वेगळी जपून ठेवा. उद्या आपल्या भागासाठी अधिक बारीक मॉडेल हाती आलं, तर फील्डवर न जाता सगळ्या आरएल पुन्हा काढता येतील.

उद्या सकाळी गच्चीवरच्या बेसपासून सुरुवात करा. बेस कॉर्सशी जोडून झाला की त्याच बेंचमार्कवर पुन्हा रोव्हर ठेवा, मॉडेल तेच राहू द्या, आणि आता किती फरक उरतो तो कळवा. दोन्ही टोकांच्या एनच्या किमतीही सोबत पाठवा. त्यावरून चार बेंचमार्क कुठले घ्यायचे ते आपण नकाशा समोर ठेवून ठरवू.